लाल चांदणीचे रकाने

रेकॉर्ड रूमच्या दारात आजपासून चपला काढायच्या.
मशीन आलंय, त्याला धूळ चालत नाही.
सव्वीस वर्षं मी इथे चपला घालून वावरलो,
कसरीची, वाळवीची, कुणाचीच हरकत नव्हती.

एजन्सीचा पोरगा, इम्तियाज धामस्कर,
मी वाचतो, तो बडवतो.
"काका, आडनाव?"
नाही.
"टाकावंच लागेल. लाल चांदणी आहे."
आडनावावर चांदणी, जन्मतारखेवर चांदणी,
मोबाइल, नातलग, नातलगाशी नातं.
भरल्याशिवाय पान उलटत नाही.

वॉर्ड सातमधली. एकोणीसशे एकोणनव्वद.
भायखळा पोलिसांनी आणली, सोबत कोर्टाचा हुकूम.
नाव: माहीत नाही.
पुढे कुणीतरी पेन्सिलीनं: चंपा?
पस्तीस वर्षं ती त्या प्रश्नचिन्हासकट नांदली.
"प्रश्नचिन्ह घेत नाही, काका."
मग चंपा. आडनाव अज्ञात. जन्म एक जानेवारी.
संध्याकाळपर्यंत एकशे बारा जण
एक जानेवारीला जन्मले आमच्याकडे,
सगळे एकाच घराण्यातले.

किणी सिस्टर हिरव्या शाईनं लिहायच्या, समासात:
'आज दोन घास जास्त.'
'चंपा म्हटलं तर ओ देत नाही. अगं म्हटलं तर देते.'
'रात्री गोदीतला भोंगा झाला, तिनंही दिला.'
'नखं कापू दिली.'
हे कुठे टाकायचं, मी विचारलं.
इम्तियाजनं एक यादी उघडून दाखवली, तीन शब्दांची:
शांत. अस्वस्थ. आक्रमक.
नखं कापू दिली, हे यातलं कुठलं?
तो थोडा वेळ बोटं मोडत बसला,
मग 'शांत'वर टिचकी मारली.

युनियनच्या बैठकीत बोलायचं मी ठरवलं होतं.
मुद्दे काढले होते, पाकिटाच्या पाठीवर.

गुरुवारी तीनच्या सुमाराला पडदा पिवळा झाला.
'या रुग्णाची नोंद आधीच आहे.'

वॉर्ड अकराचा हिरालाल, दोन हजार दोन, नातलग नाहीत.
ओळखीची खूण: डाव्या खांद्यावर गोंदलेली होडी,
उजव्या पायाची दोन बोटं जुळलेली.
आणि शेजारी, त्याच होडीचा, त्याच बोटांचा
हिराजी नाखवा, शहाण्णवला दाखल,
नव्याण्णवला भिंत चढून गेलेला.
माणूस परत आला होता. नाव मागे राहिलं होतं.

शिडी लावून मी जुनं बाड काढलं.
आत एक अंतर्देशीय पत्र, टाचणीचा गंज कागदात उतरलेला.
'भाऊ पळाला म्हणालात. सापडला तर कळवा.
मी करंज्यालाच आहे, फक्त गल्ली बदलली.'
तारीख मार्च दोन हजार तीन.
तेव्हा तो दोन जिने वर भात खात होता.
कोपऱ्यात शिक्का: प्राप्त.
शिक्क्याखाली आद्याक्षरं.
माझी.

नाव बरोबर बघून लावलं होतं मी ते पत्र.
नाखवांच्या फाइलीत नाखवांचं.
चूक कुठेच नव्हती.

"काका, नातलगाशी नातं?"
बहीण.
"मोबाइल?"
पत्राला मोबाइल नसतो, बाबा.
"चांदणी आहे."
मी माझा नंबर सांगितला.
त्यानं मान वर केली, काही बोलला नाही,
दहा आकडे सावकाश टाकले, एकदा वाचून दाखवले.

रात्री जेवताना फोन थरथरला.
'प्रिय नातलग, आपल्या रुग्णाची नोंद झाली आहे.'
बायकोनं वाचलं. कोण हो आपलं तिथे?
मी भात कालवत राहिलो.
मग म्हटलं, बघ तर त्याच्यावरच,
रविवारी भाऊच्या धक्क्यावरून
मोऱ्याची पहिली लाँच कितीला सुटते.